सुताची गुंडी, ज्वारीची पायली आणि संगणकातले आकृतिबंध

१/
सेवाग्राम, जिल्हा वर्धा. १९८० च्या सुमारास येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत एक आरोग्यविमा योजना उभी केली. तिचा हप्ता रुपयांत भरायचा नव्हता. सुगीनंतर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात वर्षभर कस्तुरबा रुग्णालयात उपचारांचा आधार मिळवायचा, अशी तिची रचना होती. शेतकऱ्याच्या घरात रोकड क्वचितच असे. सुगीला ज्वारी मात्र हमखास येई.

२/
अशा योजनेसाठी संगणकप्रणाली लिहायला बसलेल्या तरुणाची कल्पना करावी. पडद्यावर तो सहज एक रकाना आखतो: ‘हप्ता, रुपये’. पहिल्याच दिवशी समोर पोते येते. लिपिक त्या दिवशीचा बाजारभाव लावतो, पायल्यांचे रुपये करतो आणि तेवढाच आकडा भरतो. पुढच्या वर्षी भाव पडतो आणि तेवढीच ज्वारी देणारे कुटुंब कागदावर मागे पडलेले दिसते. कुटुंबाने हात आखडता घेतलेला नसतो. त्याने दिलेली ज्वारी वहीत कुठेच उरलेली नसते.

३/
ही अडचण एकट्या विम्याची नाही. धान्याची कोठारे, दूधसंघ, औषधांचे डोस, विमानांचे इंधन: जिथे मोजमाप आहे तिथे ती पुन्हा उभी राहते, आणि तिचे उत्तरही थोड्याफार फरकाने तेच निघते. व्यवहारात वारंवार येणाऱ्या प्रश्नांची अशी कसास उतरलेली उत्तरे सॉफ्टवेअरच्या जगात ‘पॅटर्न’ म्हणून ओळखली जातात. मराठीत त्यांना आकृतिबंध म्हणता येईल. त्यांना नावे मिळाली ती अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये. त्यांच्या मुळाशी असलेले प्रश्न मात्र वर्धा जिल्ह्यातील वह्यांना फार आधीच भेटले होते.

४/
आकृतिबंधांची कल्पना आली वास्तुकलेतून. व्हिएन्नात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये वाढलेले ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी केंब्रिजला गणित व वास्तुकला यांचे शिक्षण घेतले आणि पुढे हार्वर्डला संशोधन केले. त्या संशोधनाच्या ओघात ते गुजरातेतील एका खेड्यात राहिले. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या ग्रंथात त्यांनी भारतीय खेड्याच्या रचनेचे सविस्तर उदाहरण दिले. त्यात खेड्याच्या १४१ गरजा मांडून कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे, हे दाखविले होते.

५/
१९७७ मध्ये अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हा ग्रंथ आला. त्यात शहराच्या विस्तारापासून खिडकीजवळच्या बैठकीपर्यंत २५३ आकृतिबंध आहेत. प्रत्येकाला नाव आहे, तो कोणत्या परिस्थितीत उद्भवतो ते सांगितले आहे आणि त्याचे उत्तरही दिले आहे. यामागचा विचार लोकशाहीवादी होता: नाव ठाऊक असेल तर सामान्य माणूसही आपल्या घराविषयी स्थपतीशी बरोबरीने बोलू शकतो.

६/
दहा वर्षांनी ही कल्पना संगणकाच्या क्षेत्रात आली. १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी अमेरिकेतील ऑर्लँडो येथील परिषदेत एक छोटा निबंध सादर केला. एका कामात त्यांनी केवळ पाच आकृतिबंध वापरणाऱ्यांच्या हाती दिले आणि पडद्याची मांडणी त्यांनाच करू दिली होती. ते लोक प्रोग्रामर नव्हते, तरी मांडणी चांगली उतरली. यंत्र वापरणाऱ्याला यंत्राच्या रचनेविषयी बोलता येते, हा या प्रयोगाचा धडा होता.

७/
१९९४ मध्ये एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस यांचे ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक आले. त्यातील २३ आकृतिबंध जगभरच्या अभ्यासक्रमांत गेले. ते प्रामुख्याने प्रोग्रामच्या अंतर्गत बांधणीविषयी होते. दुकानदार, रुग्णालय, बँक किंवा तलाठी यांच्या व्यवहाराचे चित्र कसे काढावे, हा प्रश्न वेगळा होता. पीटर कोड यांनी १९९२ मध्येच त्याला हात घातला होता. डेव्हिड हे यांनी १९९६ मध्ये माहितीच्या रचनेतील रूढ आकृतिबंधांचा ग्रंथ लिहिला. १९९६-९७ मध्ये मार्टिन फाउलर यांचे ‘अ‍ॅनालिसिस पॅटर्न्स’ प्रसिद्ध झाले.

८/
फाउलर यांच्या पुस्तकाचा एक मोठा भाग रुग्णालयांतून आला आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबरोबर काम करताना वैद्यकीय निरीक्षणांचा एक आराखडा तयार झाला होता. पुढे एका मोठ्या कंपनीच्या आर्थिक विश्लेषणाचे काम आले, तेव्हा तोच आराखडा तिथेही लागू पडला. रुग्णाचा ताप आणि कंपनीचा घटता नफा यांचा विषय वेगळा, पण विचारण्याचे प्रश्न सारखे: कोणी पाहिले, कधी पाहिले, त्यावरून काय तर्क केला आणि तो तर्क टिकला का?

९/
आता वर्धा. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीच्या जागी वसविलेल्या वर्धा शहरात आले. १९३४ नंतर गांधीजींचे वास्तव्य वर्ध्यात सुरू झाले. १९३६ मध्ये ते शेगाव या खेड्यात राहायला गेले आणि १९४० मध्ये त्या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. देशभर पसरलेल्या अनेक रचनात्मक संस्थांचा कारभार त्यामुळे या एका जिल्ह्यातून चालू लागला. त्यांचे व्यवहार रुपयांच्या रकान्यात मावणारे नव्हते. त्या व्यवहारांत चार आकृतिबंध स्पष्ट दिसतात.

१०/
पहिला आकृतिबंध: परिमाण.
१९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष होते. तिथे ठरले की सभासदत्वाची वर्गणी म्हणून दरमहा २००० यार्ड हातसूत द्यावे. पुढच्याच वर्षी पाटण्याला हा नियम सैल झाला: वर्षाला चार आणे किंवा २००० यार्ड स्वतः कातलेले सूत. याच वेळी अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. त्याच्या पहिल्या वर्गातील सभासदाने दरमहा १००० यार्ड सूत द्यायचे होते. कालांतराने चरखा संघाचे केंद्र सेवाग्रामला आले.

११/
‘१०००’ हा आकडा एकटा लिहिला तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती गुंड्या बसतात ती संख्या. २० नंबरी सुताच्या एका पौंडात १६,८०० यार्ड येतात. म्हणजे १००० यार्डांचे वजन साधारण २७ ग्रॅम. १० नंबरी जाड सुताच्या तेवढ्याच लांबीचे वजन ५४ ग्रॅम. त्यात खादीच्या कामात तार, लटी आणि गुंडी ही मापे रूढ होती: चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची गुंडी. ती भरते सुमारे ८५३ यार्ड. गिरणीच्या ८४० यार्डांच्या मापाच्या जवळ, पण नेमकी तेवढी नव्हे.

१२/
म्हणून सुताची वही नीट लिहायची तर आकड्याबरोबर एकक लिहावे लागते आणि एका एककातून दुसऱ्यात जाण्याचा नियम वहीच्या बाहेर, सर्वांना दिसेल असा ठेवावा लागतो. फाउलर यांच्या पुस्तकातील ‘क्वांटिटी’ हा आकृतिबंध एवढेच सांगतो: संख्या आणि तिचे एकक यांची कधी ताटातूट करू नये. सेवाग्रामच्या ज्वारीलाही हेच लागू होते. पायली हे आकारमानाचे माप, किलो हे वजनाचे आणि रुपया हा भावाचा. तिन्ही एकाच रकान्यात ओतले की कोणती ज्वारी किती होती, हे कोणालाच सांगता येत नाही.

१३/
हा नियम मोडल्याची किंमत अवकाशातही मोजावी लागली. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झाले. जमिनीवरची एक संगणकप्रणाली जोराचे आकडे पौंडाच्या मापात देत होती आणि घेणारी प्रणाली ते न्यूटनच्या मापात आहेत असे धरत होती. आकडे बरोबर होते. त्यांच्या शेजारी एकक नव्हते.

१४/
दुसरा आकृतिबंध: खाते आणि नोंद.
व्यापाऱ्याच्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असतात. घडलेली प्रत्येक गोष्ट दिवसाच्या क्रमाने रोजकीर्दीत, आणि तीच गोष्ट ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. युरोपात दुहेरी नोंदीची ही पद्धत छापील रूपात मांडली ती लुका पाचोली यांनी, १४९४ मध्ये व्हेनिसला. या पद्धतीचा आत्मा एका नियमात आहे: नोंद खोडायची नाही. चूक झाली तर उलट नोंद करायची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही.

१५/
वर्ध्याला या शिस्तीची दोन माणसे लाभली. जमनालाल बजाज हे वर्ध्याच्या बच्छराज पेढीचे दत्तक वारस. ते दीर्घकाळ काँग्रेसचे खजिनदार होते. दुसरे जे. सी. कुमारप्पा. लंडनमध्ये लेखापालाचे शिक्षण आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केलेला हा माणूस १९३४ च्या बिहार भूकंपानंतर राजेंद्र प्रसाद यांच्या मदत समितीचा आर्थिक सल्लागार होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. संघाचे ठाणे होते वर्ध्याची मगनवाडी. ती जागा जमनालालांनी दिलेली होती.

१६/
लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचे प्राण हिशेबात असतात. एखादी देणगी भूकंपग्रस्तांसाठी आली असेल तर ती कार्यालयाच्या खर्चात विरघळता कामा नये. त्यासाठी ‘शिल्लक’ हा एकच फिरता आकडा पुरत नाही. प्रत्येक हेतूला वेगळे खाते आणि खात्यातली शिल्लक म्हणजे त्यावरील सर्व नोंदींची बेरीज, अशी रचना लागते. फाउलर यांचा ‘अकाउंट’ हा आकृतिबंध हीच रचना संगणकाच्या भाषेत मांडतो. शिल्लक कोणी येऊन बदलत नाही. नोंद घातली की ती आपोआप बदलते.

१७/
हाच नियम महाराष्ट्राच्या गावदप्तरातही आहे. जमिनीचा मालक बदलला की तलाठी सातबाऱ्यावर थेट नवे नाव लिहीत नाही. आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते. हरकत आली तर ऐकली जाते. मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर सातबाऱ्यावर नवे नाव चढते आणि जुन्या नावाला कंस होतो. जुने नाव पुसले जात नाही. शेजारी फेरफाराचा क्रमांक राहतो आणि त्याच्या आधारे कोणीही मागे मागे जाऊन जमिनीचा इतिहास वाचू शकतो.

१८/
तिसरा आकृतिबंध: पक्ष आणि उत्तरदायित्व.
चरखा संघाच्या भांडारात एक बाई सूत विकायला येते. त्या वेळी ती कातकरीण, म्हणजे सूत कातणारी. तीच बाई खादी घेते तेव्हा ती ग्राहक. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले आणि त्यांनी स्वतः खादी वापरावी असा आग्रह धरला. १९४५ मध्ये खादी घेणाऱ्याने किमतीचा अल्पसा भाग हातसुतात द्यावा, असाही नियम झाला. कातणारा आणि ग्राहक हे दोन वेगळे लोक राहू नयेत, हाच या धोरणांचा हेतू होता.

१९/
आता कातणाऱ्यांची वही वेगळी आणि ग्राहकांची वेगळी असेल तर हा हेतू साधला की नाही, हे कधीच कळणार नाही. दोन वह्यांतली दोन नावे एकाच बाईची आहेत, हे वहीला ठाऊक नसते. यावरचा आकृतिबंध साधा आहे: माणूस एकदाच लिहावा आणि त्याच्या भूमिका वेगळ्या लिहाव्यात. शिवाय व्यवहार करणारा नेहमी एकटा माणूसच असतो असे नाही. कुटुंब, संस्था, गाव हेही व्यवहार करतात. म्हणून ‘पार्टी’, म्हणजे पक्ष, या व्यापक संज्ञेखाली व्यक्ती आणि समूह दोन्ही येतात.

२०/
ज्वारीच्या विम्यात या बारकाव्यावर सारे अवलंबून होते. ज्वारी कुटुंब देई, आजारी पडे ती व्यक्ती, आणि रुग्णालयाशी नाते जुळे ते गावाचे; कारण गावातील बहुतेक कुटुंबे, विशेषतः गरीब कुटुंबे, सामील झाली तरच योजना त्या गावात चाले. फक्त रुग्णाचे नाव विचारणाऱ्या अर्जात यातले एकच टोक दिसते. ज्याने ज्वारी दिली त्याच्या सासुरवाशीण मुलीला हक्क आहे का? गावातली बरीच घरे यंदा मागे हटली तर उरलेल्यांचे काय? हे प्रश्न अर्जावर येतच नाहीत आणि मग त्यांचे उत्तर खिडकीवर बसलेला माणूस स्वतःच्या मनाने देतो.

२१/
फाउलर यांनी अशा नात्याला ‘अकाउंटेबिलिटी’, म्हणजे उत्तरदायित्व, म्हटले आहे. कोण कोणाला बांधील, कशासाठी बांधील आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एवढ्या गोष्टी त्यात येतात. सेवाग्रामच्या योजनेचे नियम याच आकाराचे होते: अचानक उद्भवलेल्या आजारात उपचार मोफत, आधीपासून अपेक्षित असलेल्या गोष्टींत खर्चाचा काही भाग कुटुंबाचा. नियम कागदावर स्पष्ट असला तर गरीब माणसाला विनवणी करावी लागत नाही. त्याला आपला हक्क दाखविता येतो.

२२/
२००० नंतरच्या दशकात सेवाग्रामच्या रुग्णालयात सी-डॅकच्या साहाय्याने संगणकीय माहिती प्रणाली आली. रुग्णालयाच्या संगणकापुढे आणखी एक जुनाच प्रश्न असतो. सकाळी ताप पाहून हिवतापाचा संशय लिहिला जातो, संध्याकाळी रक्ताचा अहवाल वेगळे सांगतो. सकाळची नोंद पुसली तर सकाळी दिलेले औषध निष्कारण दिल्यासारखे दिसेल. म्हणून संशय, पुरावा आणि निष्कर्ष या वेगळ्या नोंदी ठेवतात आणि फोल ठरलेला संशयही ‘फोल ठरला’ म्हणून जपतात. इंग्लंडच्या डॉक्टरांबरोबर तयार झालेल्या आराखड्याचे हेच सार होते, आणि फेरफारातील कंस केलेले नावही हेच सांगते.

२३/
चौथा आकृतिबंध: संकल्प आणि पूर्ती.
१९५१ च्या मार्चमध्ये विनोबा भावे वर्ध्याजवळच्या आपल्या पवनार आश्रमातून हैदराबादनजीकच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. संमेलनानंतर तेलंगणातून फिरत असता १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूमिहीनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली. भूदानाचा आरंभ तो हाच. पुढे सुमारे १३ वर्षे विनोबा देशभर चालत राहिले आणि १९६४ मध्ये पवनारला परतले.

२४/
या काळात ४० लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे मिळाली. जगाने तो आकडा ऐकला. पण दानपत्र म्हणजे संकल्प. त्यानंतर जमीन खरोखर दात्याची आहे का, ती लागवडीयोग्य आहे का, तिच्यावर वाद आहे का हे पाहायचे. मग ती कोणाला द्यायची ते ठरवायचे. मग ताबा द्यायचा. आणि अखेरीस सरकारी दप्तरात भूमिहीनाचे नाव चढवायचे. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता. त्या राज्याने १९५३ मध्ये यासाठी भूदान यज्ञ कायदाही केला. तरीही देशभरात मिळालेल्या जमिनीचा मोठा भाग प्रत्यक्ष वाटला गेला नाही.

२५/
काही जमीन खडकाळ निघाली, काही वादात अडकली, काही ठिकाणी दात्याच्या वारसांनी पाठ फिरविली. यात दोष केवळ माणसांच्या मनाचा नव्हता. ‘मिळालेली जमीन’ या एका शब्दाखाली वचन दिलेली, तपासलेली, वाटलेली आणि नावावर चढलेली अशी चार प्रकारची जमीन एकत्र मोजली गेली, की मधल्या पायरीवर अडकलेला एकर कोणाच्याच डोळ्यांत येत नाही. आकडा मोठा राहतो आणि शेतावर उभा असलेला मजूर मजूरच राहतो.

२६/
नियोजनाविषयीच्या आकृतिबंधांत फाउलर ‘ठरविलेली कृती’ आणि ‘झालेली कृती’ यांना वेगळे ठेवतात. संकल्पाची नोंद स्वतंत्र, पूर्तीची नोंद स्वतंत्र, आणि कोणत्या संकल्पातून कोणती पूर्ती झाली हे जोडणारा दुवा तिसरा. मग वहीला रोज विचारता येते: ज्याला अजून पूर्तीचा दुवा नाही, असा संकल्प कोणता? घरकुलाची मंजुरी, पीकविम्याची भरपाई, जाहीर झालेले अनुदान या सर्वांना आजही हाच प्रश्न विचारावा लागतो.

२७/
याचा अर्थ आकृतिबंध पाठ केले की काम झाले, असा नाही. साच्यातून निघणारी प्रत्येक वीट सारखी असते. आकृतिबंधाचे तसे नसते. इंग्लंडच्या रुग्णालयातला आराखडा सेवाग्रामला उचलून आणला तर त्यात पायली सापडणार नाही आणि हप्ता देणारे गावही सापडणार नाही. आकृतिबंध फक्त एवढे सुचवितो की इथे एखादे एकक, एखादी भूमिका किंवा एखादी पायरी लपलेली असण्याचा संभव आहे. ती शोधायला शेतात, भांडारात आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यातच जावे लागते.

२८/
१९९६ मध्ये सॅन होझे येथील सॉफ्टवेअर तज्ज्ञांच्या परिषदेत ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांना भाषणासाठी बोलाविले होते. आपली कल्पना या क्षेत्राने उचलली याचे त्यांना समाधान होते, पण त्यांनी एक अवघड प्रश्न पुढे ठेवला. वास्तुकलेत त्यांना आकृतिबंध हवे होते ते माणसाचे जगणे अधिक चांगले व्हावे म्हणून. सॉफ्टवेअरमधले आकृतिबंध प्रोग्राम नीटनेटके करतात. पण त्यांनी माणसाचे जगणे सुधारते का? सभागृहात बसलेल्यांपुढे तो प्रश्न त्यांनी तसाच ठेवला.

२९/
आता पुन्हा पहिल्या पोत्याकडे. तोच तरुण पडदा नव्याने आखतो. देणारा पक्ष: कुटुंब. कोणत्या गावाच्या करारात: गावाचे नाव आणि वर्ष. दिलेले परिमाण: इतक्या पायल्या, ज्वारी. त्या दिवशीचा भाव: वेगळ्या रकान्यात. ठरलेले किती, प्रत्यक्ष आले किती: दोन वेगळ्या नोंदी. चूक झाली तर खोडाखोड नाही, उलट नोंद. पुढच्या वर्षी बाजारभाव कितीही खाली गेला तरी त्या कुटुंबाच्या नावापुढे त्याची ज्वारी पायलीला पायली उभी असेल आणि रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर रुग्णालयाच्या खिडकीवर तेवढी नोंद पुरेशी ठरेल.